काळ्या तारेचं नाव

पन्नाशी उलटली तरी तिला सगळे बेबीच म्हणत. वहिनी तर हाक अशी मारत की पलीकडच्या गल्लीतलं एखादं खरंखुरं बाळ दचकून उठावं. तर ही बेबी एका रविवारी सकाळी दादाच्या घरासमोर गाडी उभी करून, तिचा अर्धा डॅशबोर्ड उचकटून, तोंडात दोन स्क्रू धरून बसली होती आणि जाणारा-येणारा थांबून सल्ला देत होता. एकाने तर ब्रेक तपासायला सांगितलं. ब्रेकचा आणि स्टीरिओचा काय संबंध, हे विचारायला तिचं तोंड मोकळं नव्हतं म्हणून तो वाचला.

गाडी तशी नवीच. पण तिचा मूळचा स्क्रीन एके दिवशी काळा पडला तो पडलाच. वर्कशॉपमधल्या मुलाने लॅपटॉप जोडून बघितलं, मान हलवली, आणि पार्ट मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही, असं तोंडभर हसून सांगितलं. मग बेबीने बाजारातून दुसरा स्टीरिओ आणला. दुकानदार म्हणाला, "बसवून देतो ताई, वेळ नाही लागणार." बेबी म्हणाली, "नको, माझी मी बसवीन." त्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू ती स्वतःची दाढ स्वतः उपटायला निघाली होती.

पण बेबीला स्टीरिओ नुसता बसवायचा नव्हता. तो अण्णांना शेजारी बसवून बसवायचा होता, आणि तोही आजच.

अण्णा म्हणजे तिचे वडील. एके काळी पेट्रोल पंपाच्या शेजारी, पत्र्याच्या दुकानात, ते गाड्यांना टेप बसवून द्यायचे. शाळा सुटली की बेबी दप्तरासकट तिथे पोचायची आणि सीटखाली डोकं घालून टॉर्च धरायची. सोल्डरचा धूर, उन्हात तापलेलं रेक्झिन आणि उकळून कडू झालेला चहा, असा त्या दुकानाचा एक वास होता. अजूनही कुठेतरी तो अचानक येतो आणि मग बेबीला दिवसभर काही सुचत नाही.

तपासायची कॅसेट एकच होती. गाणं सुरू झालं की अण्णा प्रत्येक स्पीकरला कान लावून गाडीभोवती फेरी मारायचे, पहिलं कडवं संपायच्या आत "बोलतोय!" म्हणून हात वर करायचे, की बेबीने बटण दाबून कॅसेट बाहेर काढायची. त्या गाण्याचं दुसरं कडवं तिने कधी ऐकलंच नव्हतं. बरीच मोठी होईपर्यंत तिचा समज होता की गाणं तेवढंच आहे.

तारांना तर अण्णांनी नावंच ठेवली होती. जिच्यात कायम वीज, ती 'जागी'. चावी फिरवल्यावर जिच्यात वीज येते, ती 'झोपाळू'. स्पीकरच्या दोन तारा म्हणजे 'नवरा-बायको', कारण उलटसुलट जोडल्या तरी आवाज येतो, पण पोकळ येतो. हे ते आईच्या देखत सांगायचे आणि आई हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायची. काळ्या तारेलाही ते काहीतरी म्हणत. काय ते मात्र बेबीच्या डोक्यातून पार गेलं होतं. मधे तिचं लग्न झालं, आई गेली, गाड्यांमधून टेप गेले आणि त्यांच्या मागोमाग दुकानही गेलं.

गेल्या वर्षी अण्णांना झटका आला. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले, बोलणं मात्र परत येताना वाट चुकलं. पाणी हवं असलं की ते 'छत्री' म्हणत. वहिनींना 'टोपी' म्हणत. आणि दादाला, ज्याच्या गणिताच्या तासाला अख्खी शाळा चळचळा कापायची त्या दादाला, 'बशी' म्हणत. सगळ्यांना हसू यायचं, आणि हसून झाल्यावर लाज वाटायची.

वाचा सुधारणाऱ्या बाईंकडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना घेऊन जायचं काम बेबीचं. बाई हुशार होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "आयुष्यभर जे तोंडात बसलंय ना, ते शेवटपर्यंत टिकतं. शिव्या टिकतात, गाणी टिकतात. गाणी ऐकवा त्यांना." म्हणून तर हा स्टीरिओ.

आणि मग अण्णांचं ते वाक्य आलं.

दादाकडे मागच्या गॅलरीत बेसिन आहे आणि त्याला लागून धुण्याचं मशीन. एका सकाळी तोंड धुता धुता अण्णा थांबले, मशीनमध्ये कपडे भरणाऱ्या वहिनींचा हात त्यांनी घट्ट धरला आणि अगदी स्वच्छ, पूर्वीसारख्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अर्थ नाही."

वहिनींच्या डोळ्यांना धार लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दादा मुद्दाम जाऊन उभा राहिला, तर त्याच्याकडे बघून तेच. छत्री नाही, बशी नाही, नीट जुळलेले दोन शब्द. सगळ्या घराने अंथरूण धरायचं तेवढं बाकी ठेवलं. वहिनींच्या हाताला तर आधीच मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी मानेचं दुखणं म्हणून गळ्यात पट्टा दिला होता, आता त्या पट्ट्यावरून आसवं गळू लागली.

"जगण्यात अर्थ नाही म्हणतायत ते," दादा परवा बेबीला म्हणाला होता. "आणि आपण त्यांना 'क कमळाचा' घोकायला नेतोय. बास झालं आता. त्यांना शांतपणे राहू दे."

"दादा, अण्णा असलं कधी बोलले नाहीत जन्मात."

"जन्मात झटकाही आला नव्हता." दादाचा आवाज चिरकला. "माणूस वर्षभरात दोन शब्द धड बोलतो, आणि नेमके तेच आपण ऐकायचे नाहीत?"

डॉक्टरांनी मनाच्या उदासीवर गोळ्या लिहून दिल्या होत्या. सुरुवातीला दिवसभर गुंगी राहील, असं त्यांनी बजावलं होतं. गोळ्या सोमवारपासून, आणि बाईंकडे जाणं बंद. म्हणजे बेबीच्या हातात हा एक रविवार होता. अण्णा आत कुठेतरी पूर्वीचे अण्णा असतील, तर तारा दिसल्यावर ते बाहेर येतील, एवढीच तिची आशा. आणि तारा बघूनही ते तेच म्हणाले, तर मग दादाचं बरोबर होतं.

अण्णांना तिने शेजारच्या सीटवर बसवलं, दार उघडं ठेवून. आधी बॅटरीची काळी तार काढली. हे मात्र ती विसरली नव्हती. डॅशबोर्डाची पट्टी निघेना तेव्हा वहिनींचं प्लॅस्टिकचं उलथणं आणून तिने कडेने सरकवलं. पट्टी 'कट' असा आवाज करून सुटली आणि वहिनी खिडकीतून ओरडल्या, "ते माझं डोशाचं—" आणि अण्णांकडे बघून गप्प झाल्या.

आतली तऱ्हा बघून बेबीच दचकली. पूर्वी डॅशबोर्ड उघडला की तारा लोंबत बाहेर यायच्या. इथे मुठीएवढा एक कपलर, म्हणजे सगळ्या तारा एकत्र धरणारा प्लॅस्टिकचा ठोकळा, आणि त्यातून निघालेल्या केसासारख्या बारीक तारा. झोपाळू तर नव्हतीच. नव्या गाड्यांत चावीची वेगळी तार नसते. गाडी सुरू झाल्याचा निरोप आकड्यांच्या भाषेत फिरतो, आणि तो स्टीरिओला समजावून सांगायला मधे एक छोटा डबा बसवावा लागतो. बेबी हे सगळं व्हिडिओ बघून शिकली होती. व्हिडिओतला पोरगा इतका भरभर बोलायचा की तिने प्रत्येक वाक्य थांबवून थांबवून ऐकलं होतं.

अण्णांनी तारांचा गुच्छ मांडीवर घेतला. बराच वेळ ते झोपाळू शोधत होते, हे तिला त्यांच्या बोटांवरून कळलं. सापडेना तेव्हा त्यांनी वैतागून तिच्याकडे बघितलं.

"झोपाळू नसते हो आता, अण्णा. डबा जागं करतो."

अण्णांनी डबा उलटापालटा केला, कानाजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं. बेबीला हसू फुटलं. मग त्यांनी स्पीकरच्या तारा निवडल्या, जोडी जोडी लावली आणि एकेका जोडीला पीळ घालून तिच्या हातात दिली. हात थरथरत होते, पण एकही नवरा दुसऱ्याच्या बायकोशेजारी गेला नाही. बेबीने मान खाली घालून जोडांवर चिकटपट्टी गुंडाळायला घेतली.

राहिली काळी. व्हिडिओतला पोरगा म्हणाला होता, 'ग्राउंड, मागच्या ब्रॅकेटला कुठेही स्क्रूने आवळा.' तिने आवळली. बॅटरी जोडली, चावी फिरवली. स्टीरिओवर रंगीबेरंगी दिवे लागले आणि गाणं सुरू झालं. तेच, दुकानातलं. ते तिने आधीच शोधून ठेवलं होतं.

अण्णांची मान हलू लागली. ओठही हलले. बेबीने गेटकडे बघितलं. दादा तिथे येऊन उभा होता. "बघ," ती डोळ्यांनीच म्हणाली, आणि दिमाखात इंजिन सुरू केलं.

गाण्याच्या मागे एक बारीक सूर उमटला. कुईऽऽ. अण्णांची मान थांबली, चेहरा पडला. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात ते म्हणाले, "अर्थ नाही."

दादाने डोळे मिटून घेतले. "ऐकलंस?" तो हळूच म्हणाला. "आता तरी पुरे कर, बेबी. तारा बघूनही तेच म्हणतायत."

इतकी तयारी, इतकी आशा, आणि शेवटी हेच. रडू आवरायला बेबीने स्टीअरिंग धरलं, आणि दुसऱ्या कशावर काढता येईना म्हणून राग अॅक्सिलरेटरवर काढला. इंजिन गुरगुरलं. त्याबरोबर मागचा सूर चढला, कुईऽऽ, सुईसारखा. अण्णांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "अर्थ नाही!"

तिने पाय काढला. सूर उतरला. अण्णा पुटपुटले, "अर्थ नाही."

तिने पुन्हा पाय दाबला, या वेळी मुद्दाम. सूर चढला, आणि सुराबरोबर अण्णा चढले. "अर्थ नाही! नाही!"

बेबीने वळून त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. इतके दिवस सगळे त्यांचे शब्द ऐकत होते, तोंडाकडे कोणी बघितलंच नव्हतं. माणूस आजारी पडला की आपल्याला वाटतं, आता हा जे बोलेल ते शेवटचं आणि थोरच असणार. पण हा चेहरा जगाला विटलेल्या माणसाचा नव्हता. तो वैतागलेल्या कारागिराचा होता. दुसऱ्या कुणी अर्धवट बसवलेला टेप दुरुस्तीला आला की अण्णा अगदी असेच दिसायचे.

आणि तिला एकदम दुकान दिसलं. चष्मेवाले एक प्राध्यापक गाडीशी उभे आहेत, टेप कुईकुई करतोय. अण्णा आत वाकून बघतात आणि बाहेर येऊन म्हणतात, "याला अर्थ नाही हो, सर." आणि प्राध्यापक म्हणतात, "असू दे. आमच्या कॉलेजात मी रोज तेच ऐकतो." केवढे हसले होते दोघं. पुढे महिनाभर अण्णांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला तो किस्सा ऐकवला होता. आई कंटाळून म्हणायची, "त्या तारेला दुसरं काहीतरी नाव ठेवा हो."

काळी तार. तिचं नाव अर्थ. नीट आवळली नाही की टेप इंजिनाच्या सुरात रडतो. रोज, प्रत्येक गाडीपाशी, पेट्रोल पंपाच्या शेजारी आयुष्यभर उच्चारलेला शब्द.

"अण्णा," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला ओळखू येईना. "काळी लागली नाहीये का नीट?"

अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं, की एवढं समजायला हिला इतका वेळ लागला! मग त्यांनी नखाने ब्रॅकेटवर टिचकी मारली. रंगाचा जाड थर होता तिथे. रंगावर आवळलेल्या तारेचा काय उपयोग! हे तर ते तिला शेंबडी असल्यापासून सांगत आले होते.

बेबीने इंजिन बंद केलं, बॅटरीची काळी पुन्हा काढली. अण्णांनी खाली, पायापाशी, गाडीच्या पत्र्यातला एक बोल्ट दाखवला. तिने तो सैल केला, स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला, चांदीसारखा पत्रा चमकेपर्यंत. तार तिथे आवळली. बॅटरी जोडली, गाणं लावलं, इंजिन सुरू केलं, पाय दाबला.

नुसतं गाणं.

"लागला," अण्णा म्हणाले.

"काय लागला?" दादा गेटातून पुढे आला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

"अर्थ लागला, दादा," बेबी म्हणाली. ती हसत होती आणि नाक पुसत होती. "अर्थिंग! दुकानातला अर्थ! मरायच्या गोष्टी नव्हते करत ते."

दादा बघतच राहिला. इकडे पहिलं कडवं संपत आलं. सवयीने बेबीचं बोट बटणाकडे गेलं. पण अण्णांनी हात वर केला नाही. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि गाणं पुढे गेलं. दुसरं कडवं होतं. चांगलं होतं. अण्णा शब्द न चुकता ते गुणगुणत होते. म्हणजे घरी कधीतरी, एकटे असताना, ते पुरं ऐकत असणार.

त्या कडव्याच्या मधेच बेबीच्या मनात आलं, की मग गॅलरीत? गॅलरीत तर स्टीरिओ नव्हता.

गॅलरीत बेसिन होतं. ओले हात होते. त्या हातांना लागणारं मशीन होतं. आणि वहिनींच्या हाताला मुंग्या येत होत्या.

"वहिनीऽ!" ती गाडीतूनच ओरडली. "मशीनला हात लावू नका!"

अवजारांच्या पिशवीतला टेस्टर घेऊन ती आत धावली. मागून दादा, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत अण्णा. गॅलरीत वहिनी कपड्यांची बादली घेऊन जागच्या जागी थिजल्या होत्या. बेबीने टेस्टरचं टोक मशीनच्या पत्र्याला लावलं. टेस्टरमधला दिवा लाल पेटला.

बेबीने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मशीनमागे हात घालून प्लग ओढला. तीन पिनांचा प्लग एका दोन भोकांच्या एक्स्टेंशनमध्ये खुपसलेला होता. मशीन गॅलरीत आणलं तेव्हा दादाने तो तात्पुरता म्हणून लावला होता. अर्थाची पिन हवेत लोंबत होती.

"मीच लावला होता," दादा म्हणाला आणि तिथेच ओल्या फरशीवर बसला. "म्हणजे ते रोज... हिचा हात धरून..."

"हात धरत नव्हते," वहिनी म्हणाल्या. गळ्यातला पट्टा त्यांनी केव्हाच ओरबाडून काढला होता. "ओढत होते. मशीनवरून माझा हात ओढून काढत होते. आणि मी त्यांना म्हणायचे, अण्णा, असा धीर सोडू नका."

दादाने गुडघ्यांत तोंड घातलं. अख्ख्या शाळेला कापायला लावणारा माणूस हुंदके देत होता. वर्षभर शब्द हरवून बसलेल्या वडिलांनी एक शब्द जपून ठेवला होता, तोही सुनेचा जीव वाचवायला, आणि तो ऐकून आपण त्यांना झोपवायच्या गोळ्या आणून ठेवल्या, हे त्याला सहन होत नव्हतं.

अण्णा त्याच्याजवळ आले. त्यांनी आपला हात त्याच्या पिकलेल्या केसांवर ठेवला.

"बशी," ते अतिशय मायेने म्हणाले.

दादाने वर बघितलं. रडता रडता त्याला हसू आलं, आणि या वेळी हसल्याची लाज कोणालाच वाटली नाही.

"बेबी," तो म्हणाला, "मंगळवारी बाईंकडे मी पण येतो. आणि त्या गोळ्या राहू देत."

अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मशीनपाशी गेले होते आणि लोंबणाऱ्या पिनेकडे बघत होते. मग त्यांनी बेबीकडे वळून, दुकानात वळायचे तसं, हात पुढे केला.

"अर्थ लाव," ते म्हणाले.

"लावते, अण्णा," बेबी म्हणाली, आणि वायर आणायला धावली.